जास्तीचे देऊन बोलावलेली रिक्षा

अण्णा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहायला बसले, कारण परवा माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती सांगायला दुसरं माणूस सापडेना. आईला सांगितलं तर ती माझीच बाजू घेईल, "जाऊ दे माय, तुला काय म्हाईत," म्हणेल. नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल आणि चहा मागेल. तुम्ही ऐकून घेतलं असतं आणि गप्प बसला असता. तुमच्या त्या गप्प बसण्याची मला लहानपणी फार भीती वाटायची.

आता गाडी कशी बोलावतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्टँडवर जाऊन "लातूर, लातूर, एकच सीट" म्हणून ओरडणाऱ्याची वाट बघावी लागत नाही. कुठून कुठं जायचं ते फोनवर टाकायचं, भाडं दिसतं, आणि जवळपासचा एखादा रिक्षावाला ते घेतो. कुणीच घेत नसलं तर फोनच सुचवतो, थोडे वाढवून द्या, लवकर मिळेल. आकडे खाली तयार असतात, नुसतं बोट टेकवायचं. मी ते बोट नेहमी टेकवते. एका चहाचे पैसे जातात आणि उन्हात ताटकळावं लागत नाही. नांदेडला राहायला आल्यापासून याची इतकी सवय झालीय की साध्या भाड्यावर वाट बघत उभी असलेली माणसं मला उगीच हट्टाला पेटल्यासारखी वाटतात. ही तुमची मुलगी, जिचं सगळं कॉलेज रेणापूर ते लातूर, सीट भरेपर्यंत न हलणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये झालं.

तुमच्या जीपची पुढची सीट मला अजून दिसते. खिडकीचा वारा, पाय मोकळे, मांडीवर कुणाचं गाठोडं नाही. मागं मात्र माणसाला माणूस चिकटलेलं, दुधाच्या कॅना, कुणाच्या तरी पिशवीतून डोकं काढणारी कोंबडी. बाकीचे जीपवाले पुढच्या सीटचे जास्तीचे घ्यायचे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. तुम्ही ती शेवटपर्यंत रिकामी ठेवायचात. गाडी भरून निघायची वेळ झाली की मग जो कुणी आजारी, म्हातारा, अवघडलेली बाई येईल त्याला ती. कुणीच आलं नाही तर मला. एकदा आपल्या गावातले गुत्तेदार, ते रस्त्यांची कामं घेणारे, कडक इस्त्रीच्या कपड्यांत येऊन उभे आहेत. "चार सीटचे घे गड्या, पर पुढं मला एकट्याला बसू दे. साहेबाकडं जायचंय, कपडे चुरगळतेत." तुम्ही फडक्यानं काच पुसताय, त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. "मालक, चारचे द्या न्हाईतर धाचे द्या, बसायचं मागंच. पुढली सीट इकायला काढली न्हाई मी." गुत्तेदार दुसऱ्या जीपनं गेले. पुढं आठवडाभर आई त्यावरून तुम्हाला बोलत होती, आणि खरं सांगायचं तर मनातून मीही आईच्याच बाजूची होते.

आणि तो दिवस. मी बारावीला होते, लातूरला चाचणी परीक्षा, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं, पुढच्या सीटवर मी एकटी. वाटेत एका फाट्यावर सातवा-आठवा महिना असलेली एक बाई सासूबरोबर उभी होती, तिनं हात केला. गाडी थांबली. मला सगळं दिसलं होतं. मी मान खाली घालून पुस्तकात अशी शिरले, जणू बाहेर जगच नाही. तुम्ही इंजिन बंद केलंत. "उतर," म्हणालात. "अण्णा, माझी परीक्षा हाय की." "परीक्षा लातुरात हाय. हितं उतर. मागं जागा हाय." मागं माझ्या वर्गातल्या दोघी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी उतरले आणि लातूरपर्यंत दुधाच्या कॅनवर टेकून गेले. त्यानंतर आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी गाडीत चढले तर अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथं मी रागानं बसायला लागले होते, तिथं नवी जाड गादी, वर लाल रेक्झिन. तुम्ही आरसा नीट करत बसला होतात. मी गादीवर बसले आणि त्या दिवशीही बोलले नाही. त्याची लाज मला आता वाटते, तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

परवाचं सांगते. नांदेडबाहेर विष्णुपुरीला गेले होते, मी शिकवते त्या कॉलेजातल्या एक मॅडम तिथं दवाखान्यात आहेत, त्यांना बघायला. संध्याकाळी शहरात महिला मंडळाच्या कार्यक्रमात मला बोलायचं होतं. चारच्या सुमारास फाटकाबाहेर आले तर ऊन नुसतं भाजत होतं. लिंबाच्या झाडाखाली पाच-सहा माणसं उभी होती, त्यांत एक म्हातारं जोडपं. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, डोक्यावर पदर, नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलेलं. बाबांनी मला विचारलं, "बाई, ऑटो हितंच येतो न्हवं? पोरगा पुण्याहून फोनवर बलावून राहिला." आणि त्यांनी तळहात दाखवला. पोरानं सांगितलेला रिक्षाचा नंबर त्यांनी पेनानं हातावर लिहून घेतला होता, घामानं थोडा फुटलेला. त्यांचं गाव हदगावच्या पुढं. गावात मुक्कामी जाणारी एसटी पाचला बसस्टँडवरून सुटते, ती चुकली की उद्या सकाळपर्यंत काही नाही, आणि ओल्या डोळ्याच्या माणसाला घेऊन स्टँडवर कुठं झोपायचं. हे सगळं मी न विचारता त्यांनी सांगितलं. मी हं, हं करत फोनमध्ये बघत होते. माझी गाडी कुणी घेईना. मी वाढवले. तरी कुणी घेईना. आणखी वाढवले, आणि लगेच एकानं घेतली.

पाच मिनिटांत रिक्षा वळून आली. बाबांनी पाटीवरचा नंबर वाचला, हातावरचा वाचला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आली गं, आली आपली. चल, सावकाश." ते बाईंना घेऊन चार पावलं पुढं आले. रिक्षावाला म्हणाला, "बाबा, तुमची क्यान्सल झाली. ही म्याडमची हाय."

"आरं, पण नंबर हाच हाय की!" त्यांनी हात त्याच्यापुढं धरला. तो दुसरीकडं बघायला लागला, तेव्हा त्यांनी तोच हात माझ्यापुढं धरला. मला तेव्हाच सगळं कळलं. त्यानं आधी त्यांचं भाडं घेतलं होतं. ते घ्यायला येत असतानाच त्याला माझे जास्तीचे दिसले आणि त्यानं त्यांना सोडलं. त्याला मी नावं ठेवत नाही, त्याच्याही घरी चूल असेल. त्याला बोलावणारी मी होते.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्याडम, मंग आमाला बी घ्या की संगं. स्टँडापर्यंतच. ही एका बाजूला बसंल, तरास न्हाई व्हायचा तुमाला." बसस्टँड माझ्या वाटेवरच होतं. मागच्या सीटवर तिघं आरामात मावतात. मी म्हणाले, "काका, मला खूप घाई आहे हो. पाचला कार्यक्रम आहे माझा. मुलाला फोन लावा, दुसरी येईल." आणि बसले. "बरं बरं, जावा तुमी," असं म्हणून त्यांनी बाईंना हळूच मागं ओढलं, रिक्षा वळताना त्यांना लागू नये म्हणून. मी वळून बघितलं नाही.

कार्यक्रमात मी तुमच्याविषयी बोलले. पुढच्या सीटची गोष्ट मी नेहमीच सांगते, लोकांना ती फार आवडते. माझ्या त्या गोष्टीत फाट्यावरची बाई हात करते, मी पुस्तक मिटून आपणहून खाली उतरते आणि तुम्ही माझ्याकडं बघून हसता. कितीतरी वर्षं मी ती अशीच सांगत आलेय. परवाही तशीच सांगितली. टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले, अध्यक्षीणबाईंनी माझ्या हातात नारळ दिला. तो नारळ घेताना मला स्वतःची इतकी किळस आली की आभारसुद्धा नीट मानता आले नाहीत.

काल सकाळी बसस्टँडवर गेले. हदगावच्या गाड्या लागतात तिथं अर्धा तास उभी राहिले, बाकड्यांवर झोपून उठलेली माणसं बघत. काळा चष्मा घातलेल्या तीन म्हाताऱ्या दिसल्या, त्यांतली ती कुठली की एकही नाही, मला सांगता येईना. मी तिचा चेहरा नीट बघितलाच नव्हता. एकीच्या शेजारच्या माणसाला विचारायला गेले आणि काय विचारायचं तेच सुचेना, म्हणून परत फिरले.

हे कागद मी तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यात खाली ठेवणार आहे. पुढच्या महिन्यात आई राहायला येईल, तिच्या हाती लागायला नकोत. तिला तुमच्याविषयी कुणी काही लिहिलेलं दिसलं की ती कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेते, आणि हे मला मोठ्यानं ऐकवणार नाही.

एक लिहायचं टाळत होते. कार्यक्रम पाचला नव्हता, सहाला होता. मी पोचले तेव्हा मंडळाच्या बाया सतरंजी झटकत होत्या. वाटेत त्या दोघांना सोडून, चहा पिऊनसुद्धा मी वेळेवर पोचले असते. मला त्यांच्यात अंग चोरून बसायचं नव्हतं, एवढंच. मला घाई नव्हती, अण्णा.