बुंदीची नखं आणि माझा शब्द

ईडन प्रेरी, मिनेसोटा
२५ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप जगन्नाथदादांस,

एकनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. माझी मात्र झोप गेली आहे, आणि त्याला कारण एक मांजर आहे.

सूनबाई गिरिजाला सातवा चालू आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तिची बुंदी नावाची मांजर घरभर नखं परजत फिरते. सोफ्याचा तिने पिंजून कापूस केला. (सोफा गेला तर गेला, पण उद्या पाळण्यातल्या बाळाचं काय, या काळजीने मी जेवण निम्मं केलं.) म्हणून मी शैलेंद्रच्या मागे लागलो की हिची नखं कायमची काढून टाक, इकडे तशी सोय आहे असं देवळात कुणीतरी सांगितलं होतं. जन्मात माझं न ऐकणाऱ्या पोराने या खेपेला ऐकलं. जनावरांचा डॉक्टर गाठला. गृहस्थ हसतमुख. म्हणाले, काळजी नको, आमचं रोजचंच काम आहे, पिल्लं न होण्याच्या ऑपरेशनबरोबर हेही उरकून टाकू. बुधवार ठरला.

गिरिजा रडकुंडीला आली. "बाबा, सेकंड ओपिनियन तरी घेऊ या, प्लीज," म्हणत मला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण आपल्या यामिनीच्या वयाची. तिने माझाच हात हातात घेतला, तर्जनीच्या शेवटच्या पेरावर अंगठा दाबला आणि म्हणाली, नख एकटं निघत नाही, इथून हाडासकट कापावं लागतं. मी हे करत नाही. नखं वेळच्या वेळी कापा आणि ओरबाडायला एक खांब द्या, एवढंच तिचं औषध. आता दादा, मी सातवी पास. एक डॉक्टर म्हणतो रोजचं काम, दुसरी त्याला हात लावत नाही, आणि दोघांच्या भिंतींवर सारखीच प्रमाणपत्रं. मी कुणाचं ऐकायचं? त्या दिवसापासून भात कालवताना माझं ते बोट वळत नाही, आणि बुंदी नेमकी माझ्याच पायांवर येऊन झोपते.

बरं, शैलेंद्रला 'राहू दे' म्हणायची सोय नाही. "बाबा, यू आर राइट," असं तो बायकोसमोर बोलून बसला आहे. आयुष्यात एकदा बरोबर ठरलो, आणि तेच मागे घ्यायचं? तुमची भावजय पद्मिनी म्हणते, "मग गप्प बसा. मांजराची बोटं जाऊ देत, तुमचं नाक राहील." मी तिच्याशी बोलणं सोडलं आहे (चहापुरतं बोलतो).

वहिनींना नमस्कार, यामिनीला आशीर्वाद. काळजीत बुडालेला तुमचा धाकटा भाऊ,

एकनाथ

ता. क. : बुधवारी संध्याकाळी चंद्रग्रहण आहे. घरात गर्भारशी असताना त्या दिवशी काही कापू नये, आणि मांजराला तर सुनेचं बाळंतपण होईपर्यंत शस्त्र लावू नये, असं तुम्हीच फोन करून शैलेंद्रला दटावा. काकांचा शब्द तो मोडत नाही. मी लिहिलं हे सांगू नका. इथला फोन स्वयंपाकघरात आहे, सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र.

ता. क. दुसरा : पाकिटाला तिकीट लावता लावता पद्मिनीने विचारलं, हे सांगलीला पोचणार कधी? दिवाळीच्या फराळाबरोबर. ग्रहण तर परवा आहे. तेव्हा फोन करू नका. खाली जाऊन शैलेंद्रला सांगतो की माझं चुकलं. हे वाक्य मी त्याच्याशी कधी बोललेलो नाही, म्हणून आधी बुंदीला म्हणून पाहिलं. ती उठून गेली.