सावन संपला, श्रावण नाही

जयपूर,
२० सप्टेंबर १९८६

चि. उमाकांत यास ताईचे आशीर्वाद.

तुझं आंतरदेशीय मिळालं. सुनंदाचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इथे ऊन अजून हटत नाही, अलकाची सहामाही जवळ आली आहे, दीड दिवसाचा गणपती नीट पार पडला. झाली बातमी. आता तुझ्या पत्राकडे येते, कारण ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

"ताई, दाजींची तीन महिन्यांनंतरची नोंद बंद झाली आहे. ते सुधारलेल्यांत गेले, आता त्यांना पुन्हा बोलावता येणार नाही." का रे? ती नोंद ब्रह्मदेवाने लिहिली आहे का? तूच लिहिलीस, माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, माझ्या हातचा चहा पीत.

तुझी पद्धत मला आवडली होती, हे आधी सांगते. मे महिन्यात हे पोटदुखीसाठी तुझ्या इस्पितळात आले, तू दहा मिनिटं समोर बसलास, न ओरडता दारूबद्दल समजावलंस, हातात एक कार्ड दिलंस. चौदा वर्षांत मला जे जमलं नाही ते दहा मिनिटांत होईल अशी मी पण आशा केली. हा उपाय करून बघणाऱ्या तुमच्या तिन्ही इस्पितळांनी निकाल एकाच मापाने मोजावा, हेही पटलं. एक जण दिवस मोजतो, दुसरा पेले, तिसरा रक्त तपासतो, मग उपाय कुठे लागू पडला ते कळणार कसं? पण सगळ्यांनी मिळून ठरवलंत काय, तर गेल्या सात दिवसांत किती प्यालात. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या बैठकीत हाच प्रश्न पक्का होणार, आणि तिथे तू यांचा कागद दाखवणार. आधी रोज, आता शून्य!

मागच्या पत्रात मी "पुन्हा सुरू झालं" एवढंच लिहिलं. काय झालं ते लाजेने लिहिलं नाही. आता ऐक.

श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी हे अलकाला सायकलवर घेऊन सोडाल्याच्या बाजारात गेले, मखराचे रंगीत कागद आणायला. साडेसातला एकटेच परत आले. मी विचारलं, "अलका?" तर वळून सायकलच्या कॅरिअरकडे बघायला लागले. दारूच्या ठेक्याशेजारी कचोरीवाल्याच्या पायरीवर तिला बसवून आत गेले होते, आणि पोर सोबत आणली आहे हेच विसरून घरी आले. मी रिक्षाने धावले. कचोरीवाला म्हणाला, "बहनजी, दो घंटे से बैठी है बच्ची. रोती भी नहीं." रिक्षात अलकाने विचारलं, "आई, मतलब पप्पा मला विसरले?" नऊ वर्षांची आहे ती. मी म्हटलं, नाही गं, सायकल पंक्चर झाली होती.

त्या दिवशी तीनच पेले झाले होते म्हणे. तुझ्या कागदावर तीन पेले म्हणजे प्रगतीच की रे! पायरीवर बसलेली पोर कुठल्या रकान्यात घालशील?

पोरीशी मी एवढ्या सहज खोटं बोलले, याचं कारण मला सवय झाली आहे. तुझ्याशीही बोलले आहे.

पंचवीस ऑगस्टला तू आलास. मोठ्या ऐटीत म्हणालास, "ताई, मुद्दाम सावन संपू दिला. सावनात लोक पीत नाहीत, आकडे फसवे येतात." तू जयपुरात जन्मलास, इथलंच कॅलेंडर तुझ्या डोक्यात. इथला सावन राखीला संपतो. आपला श्रावण त्यापुढे पंधरा दिवस, अमावास्येपर्यंत चालतो. मी दौंडला वाढले, मला माहीत होतं. यांनाही माहीत होतं. लग्न झाल्यापासून श्रावणात यांनी थेंब घेतलेला नाही, तुझं कार्ड नव्हतं तेव्हाही नाही. तू आलास तो श्रावणातला सोमवार होता. हे समोर उपासाची खिचडी खात होते आणि तू लिहीत होतास, शून्य, शून्य, शून्य. मग मला विचारलंस, "ताई, खरं ना?" मी सही केली.

कळत असून केली. गेल्या दिवाळीत तू सुनंदाला म्हणालास, "ताईकडे मुक्काम नको." मी आत पुऱ्या तळत होते, ऐकू आलं. वाटलं, एकदा तरी माझ्या घराबद्दल कुणी कागदावर चांगलं लिहावं, आणि ते तूच लिहावंस. म्हणून राग तुझ्यावर आहे तेवढाच माझ्यावरही आहे.

पण उमाकांत, डॉक्टर तू आहेस. ताटात साबुदाणा दिसत होता ना? आज उपास कसला, एवढं विचारायला काय जात होतं तुझं?

बैठकीत हे सांग. एकच माप ठरवा, पण सात दिवसांचं नको. सणवार धरून वर्षभराचं विचारा, आणि ज्याचे जे सण असतील ते धरा. बायकोला वेगळं बसवून विचारा, नवऱ्यासमोर नाही, आणि भावाने तर नाहीच. घरात काय घडलं तेही लिहून घ्या. आणि यांच्या नावापुढचं शून्य खोड. तुझा सुधारलेला एक माणूस कमी होईल, होऊ दे. ते शून्य राहिलं तर यांना कुणी परत बोलावणार नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कोण बोलावतं?

भाऊबीजेला ये. मला साडी नको, यांना पुन्हा तपासायला बोलावल्याची चिठ्ठी आण. आणली नाहीस तर दारातूनच परत जा. मी आत बसून रडेन, पण ओवाळायचं ताट घेऊन बाहेर येणार नाही.

खोटी सही केलेली,
तुझी ताई
प्रभावती