मानेवरचं मलम

सोमवार, ३
आलो एकदाचा. दोन दिवसांच्या प्रवासाने पाठीचं भुसकट झालं, पण खोली झकास आहे. खाट, टेबल, खिडकी आणि खिडकीतून अंगणातला नळ. पुतणीच्या उरलेल्या वहीत लिहितोय. चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा जमेल तसं. हे माझं सातवं काम. तुझ्या पायाला भिंगरी आहे, इथे महिनाभर टिकलास तर मिशी उतरवीन, असं दादा निघताना म्हणाला. आता टिकणारच.

काम सोपं आहे. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची, भट्टीत वाळवायची, गरम ट्रे बाहेर काढायचे. सोबत मावशी आहेत, बारा वर्षं इथे भांडी धुतायत. मोठ्या सरांच्या गळ्यात सदा खटका दाबून वेळ मोजायचं थांबघड्याळ असतं, म्हणून मावशी त्यांना टिकटिक म्हणतात. अर्थात ते लांब असले की.

बुधवार, ५
आज सरांनी आत बोलावलं. डाव्या कोपराला धातूच्या दोन बटणांसारखं काहीतरी चिकटवलं आणि खटका दाबला. माझी करंगळी आपोआप उडाली! मला हसूच आवरेना. सरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा उडाली.

मग त्यांनी समजावलं. आपल्या अंगात शिरा-नसांचं जाळं आहे. प्रत्येक नसेच्या बाहेर एक खारं पाणी, आत दुसरं, आणि मधल्या कातडीत बारीक बारीक दारं. बोट भाजलं की पहिलं दार उघडतं. बाहेरचा खार आत घुसतो आणि त्या धक्क्याने शेजारचं दार उघडतं. मग त्याच्या शेजारचं. असं थेट डोक्यापर्यंत. म्हणजे धावत कोणीच जात नाही, नुसता धक्का पुढे जातो. रांगेत मागच्याने ढकललं की पुढच्यांचं होतं तसं, असं मी म्हटलं. सर खूश झाले. चौथी शिकलेला वाटत नाहीस म्हणाले.

सरांनी एक मलम बनवलंय. त्याने ही दारं जड होतात. माझ्या डाव्या पंजाला लावून त्यांनी सुई टोचली. मी चार मोजले, मग टोचलं. मनगटाच्या वर लावायचं नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

शनिवार, ८
हात भारी झालाय! काही म्हणजे काही लागत नाही. आज फडकं न घेता चाळीस ट्रे उघड्या डाव्या हाताने काढले. निम्म्या वेळात काम उरकलं. पंजा लाल झाला, फोड आले, पण कातडं काय, येईल नवीन.

फक्त हात ऐकत नाही लवकर. मावशींना टाटा करायला गेलो, तर त्या निघून गेल्यावर हात वर झाला. त्या परत येऊन म्हणाल्या, हा हात आहे की खालच्या मजल्यावरचा गडी रे? हाक मारली की जेवण उरकून येतो! मग भाजलेलं बघितलं आणि माझा पंजा नळाखाली धरला. आधीच्या पोराचाही असाच हात होता म्हणाल्या. तो कुठे गेला विचारलं, तर भांडी घासायला लागल्या.

ट्रे वाहून मान आणि खांदे मोडून आलेत. सर जेवायला गेले तेव्हा मलमाची अर्धी डबी मानेला चोळली. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. कोणाला कळतंय?

रविवार, ९
सकाळी चहा पिताना हात पेटला. भट्टी कालपासून बंद आहे. ते कालचं भाजणं होतं, आत्ता पोचलं. एक ट्रे. मग दुसरा. मध्ये तेवढाच वेळ जेवढा काल गेला होता. चाळीसच्या चाळीस आले. नळाखाली हात धरला, काही उपयोग नाही. ओरडून घसा बसला.

सर शेजारी बसून घड्याळ दाबत होते. त्यांनी सांगितलं, एकदा निघालेला धक्का वाटेत पातळ होत नाही, पोचतो तो पुराच पोचतो. मलम थांबवत नाही रे, नुसता उशीर करतं. मी म्हटलं, मग हे उतरणार कधी? तर म्हणाले, एकदा लावलेलं मलम उतरत नाही. उशीर मधूनमधून झटक्याने वाढतो, दर खेपेला दुप्पट, आणि वर जाणारं दुखणं खाली येणाऱ्या हुकमापेक्षा जास्त अडतं.

मानेचं सांगितलं नाही. 

सोमवार, १०
भांडी धुताना छाती थांबली. मी ओढतोय आणि आत काही जातच नाही. सहा मोजले. मग आपोआप चालू.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी दंडाला धरून सरांपुढे उभं केलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. आत्ताच्या आत्ता याला दवाखान्यात न्या म्हणाल्या. सरांनी त्यांना शांतपणे आठवड्याची सुट्टी देऊन बाहेर काढलं, दार लावलं आणि माझ्या छातीवर तळवा ठेवून बसले. रागावले नाहीत. हसत होते.

त्यांनी समजावलं, श्वासाचा हुकूमही असाच डोक्यातून निघतो, मानेतून उतरतो आणि छातीखालच्या पडद्याला पोचतो. उशीर जेवढा वाढेल तेवढा वेळ छाती रिकामी. वाढून झाला की पुन्हा चालू, पुढच्या खेपेपर्यंत. मानेवर लावायची परवानगी मला कोणीच दिली नसती, असं ते म्हणाले. आणि तू आपणहून लावलंस!

त्यांनी माझे आभार मानले.

मंगळवार, ११
सकाळी बारा. दुपारी पंचवीस.

दाराला आतून कडी, कडीला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. गाडी बोलावलीय म्हणतात. सकाळीही हेच म्हणाले होते. खिडकीतून मावशी दिसल्या, नळापाशी, हातवारे करत होत्या. सरांनी पडदा ओढला.

पन्नास. डोळ्यांपुढे काळं. मी खाटेवरून पडलो, ते उचलायला आले नाहीत, आधी आकडा लिहिला.

बुधवार
शंभर झाले. ओठ निळे, सरांनी आरसा धरून दाखवले.

उजवा हातही आता उशिरा. मनात म्हणतो ते कागदावर मागाहून येतं. वही सरांनी हाताखाली धरलीय, पान तेच उलटतात.

पुढची खेप दोनशेची. अकरा वाजता म्हणतात. दोनशेला कोण टिकतं विचारलं — नुसतं घड्याळ पुसलं

अकरा

थांबली

हे वाचाल ते आत्ताचं नाही. आधीच मनात म्हटलेलं. हात चालतोय म्हणून मी आहे असं धरू नका

सर तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतायत —

दार वाजतंय. मावशी. बरोबर माणसं आहेत, कडी हलतेय — तोडा, मावशी, जोरात — मी अजून