मांडीवरची गुंडी

रविवार, १४ मे

ती. ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे उकाडा फार. गुंडीसाठी पाठवलेली बाहुली न उघडताच परत पाठवली आहे. फोन का उचलत नाही, असं विचारलंत, म्हणून लिहिते.

गुंडीच्या हाताचं प्लास्टर निघालं. कोपर सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.

परवा तुमच्या मावशींकडून कळलं, "विमानात पोरीला टाकून आई मागे जाऊन बसली," असं तुम्ही घरोघर सांगताय. मग आता मीही सांगते.

गुंडीला दोन वर्षं पुरी झाली होती. मांडीवर बसवायची मुभा संपलेली, म्हणून तिचं वेगळं तिकीट काढलं होतं. तिची लहान मुलांची पट्ट्यांची खुर्ची सीटवर खिडकीशीच बांधायची, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही, हे हवाईसुंदरीने तुम्हाला गोडीत समजावलं. पण तुम्हाला खिडकी हवी होती. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" म्हणून तुम्ही तिच्यावर खेकसलात. शेवटी खिडकीशी गुंडीची खुर्ची, मध्ये मी आणि वाटेकडे तुम्ही, असे बसलो.

गुंडी माझ्या अंगावर ओकली, म्हणून मी मागे कपडे धुवायला गेले. तेवढ्यात विमान हादरायला लागलं. हवाईसुंदरीने मला मागच्याच रिकाम्या जागेवर बसवून पट्टा लावायला लावला. तिथून पाहिलं, तर गुंडी तुमच्या मांडीवर!

"ताई, तिला खुर्चीत बांधा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

"रडत होती गं. मी धरलंय ना, पडतेय थोडीच!"

आणि विमान एकदम खाली गेलं. पोर तुमच्या हातातून उडाली.

हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. वाटेपलीकडे तुमचे भाऊ, गुंडीचे बाबा, बसले होते. हात लांब केला असता तर गुंडीपर्यंत पोचला असता. माझी हाक ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. ताईला कसं बोलायचं!

काल त्यांना म्हटलं, निदान मावशींना तरी खरं सांगा. "जाऊ दे ना," म्हणाले, "ताईला वाईट वाटेल."

त्यांची बॅग मीच भरून दिली. येत्या शनिवारी पोचतील तुमच्याकडे. परत कधी पाठवू, म्हणून विचारू नका. त्यांना जेवायला वेळेवर लागतं, आणि तुमच्यासमोर गप्प बसता येतं. एवढ्यावर तुमच्याकडे छान निभेल.

गुंडीची आई