पाण्याचा कायदा येण्याआधी

६ मे २००१, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. सरकार हैदराबादच्या विधानसभेत पाणी, जमीन आणि झाडांचा कायदा आणतंय. परवानगीशिवाय बोअर नाही, परवानगीशिवाय झाड तोडायचं नाही. मसुदा दोनदा वाचला. कॉलेजच्या लायब्ररीत तो आणखी कोणी मागितलेला नाही. मीच लायब्ररियन, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो. अशा वेळी जाणत्या माणसाने पुढे यायला हवं. आमच्या मावला गावात तसा मीच दिसतो.
संकल्प: कायद्याच्या बाजूने दहा हजार सह्या. जून अखेरपर्यंत.
विनोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, नळ चार दिवस आला नाही आणि विहिरीचा तळ दिसून राह्यला. बायकोला घरापलीकडचं सुचत नाही.

९ मे
सह्या: एक. मागच्या गल्लीतले मोतीराम मास्तर. प्राथमिक शाळेत शिकवतात. सगळा मसुदा वाचून मगच सही केली, त्यात चाळीस मिनिटं गेली.
शेजारच्या नरसिंगरावांनी वाचला नाही, सहीही नाही. म्हणाले, दुसरी बोअर होऊन जाऊ द्या, मग करतो.

२१ मे, ४४ डिग्री
सह्या: एकोणीस. त्यात विनोदिनीच्या दोन, एक माहेरच्या नावाची. उन्हाने चक्कर आली. उद्यापासून पहाटे निघणार.

२२ मे
उशिरा उठलो.

११ जून
निवेदन घेऊन आमदारांकडे. व्हरांड्यात तीन तास. पीएने विचारलं, ट्रान्सफर कुठून कुठे? कायद्याबद्दल सांगितलं. बरं बरं म्हणाला आणि निवेदन ट्रान्सफरच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सगळ्यात वर होतं, म्हणजे आधी वाचलं जाईल.

४ ऑगस्ट
उत्तर आलं. यंदा मंचेरियलला बदली शक्य नाही. मी मंचेरियल मागितलं नव्हतं. पण निवेदन पोचल्याचा लेखी पुरावा मिळाला. फाइलला लावला.
विनोदिनीने पत्र दोनदा वाचलं. मला न सांगता मंचेरियलला जाऊन राह्यले होते काय, म्हणाली. संध्याकाळपर्यंत खुलासा चालू होता.

१९ नोव्हेंबर
मोठा दिवस. कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी आले होते. भाषण चौदा पानी, तेलुगूत, लेक्चररकडून तपासून घेतलेलं. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली. माझी तिन्ही व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात गेली. नावं मात्र एकही चुकली नाहीत.
मोतीरामांच्या आईला, मनकर्णाबाईंना, मीच सोबत नेलं होतं. हॉल भरलेला दिसावा म्हणून. त्या हातात कागद नसताना उठल्या आणि आपल्या बोलीत बोलल्या. "आमच्या गल्लीत एकच हापशी हाये. आंदी वीस डाव हापसलं का पाणी ये. आता साठ डाव हापसा लागते. बाजूनं कोनी बोअर मारली का तेबी जाईन. मंग आमी कुठं जाव?"
साहेबांनी ते तेलुगूत करून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. माझी चौदा पानं आवक विभागात द्यायला सांगितली. म्हातारीचं बोलणं मुद्द्याला धरून नव्हतं, पण भावना चांगली.
परतताना ऑटोत मोतीराम म्हणाले, तुमच्यामुळं मायले बोलाले भेटलं. आयुष्यात कोणी मला असं म्हणालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी २००२
विहीर आटली. उन्हाळा अजून लागलाही नाही. विनोदिनी मागच्या गल्लीतल्या हापशीवरून पाणी आणते. मी मदत केली असती, पण हैदराबादला पत्रं लिहायची होती. सहा लिहिली. एकाचंही उत्तर नाही. सातवं फाडलं. कायदा आला नाही तर आपलं काही खरं नाही.

२६ फेब्रुवारी
विनोदिनीची कंबर धरली. दोन घागरी घेऊन गटारापाशी पडली. मनकर्णाबाईंनी घरी आणून सोडलं. ती माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आज पाणी मी आणलं. अर्धी घागर सांडली.

२ मार्च
नरसिंगराव कुंपणावरून सांगून गेले: बिल याच सेशनमध्ये पास होतंय, मग परवानगीसाठी चकरा मारत बसा. तामिळनाडूची बोअरची गाडी मंगळवारपर्यंत मावल्यात आहे, नंतर तलमडुगुला जाते. मी म्हटलं, माझ्या तत्त्वात बसत नाही. घरात आलो. विनोदिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

३ मार्च
दिवसभर विचार केला. कायदा अजून आलेला नाही. जो आलाच नाही तो मोडणार कसा? उलट कायदा पाळणाऱ्या माणसाने असली कामं आधीच उरकून घ्यावीत, म्हणजे पुढे मोडायची वेळच येणार नाही. गाडीवाल्याला हो म्हटलं.

४ मार्च
गाडी आत यायला कडुनिंब आडवा येत होता. तोडला. झाडांचाही भाग वेळेत झाला.
तीनशे दहा फुटांवर पाणी लागलं. विनोदिनी कंबर धरून बाहेर आली, दोन्ही हात धारेखाली धरून उभी राहिली आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मोतीराम शाळेत होते, ते बरं झालं.

१३ मार्च
मागच्या गल्लीतली हापशी बंद पडली. योगायोग. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं हे शास्त्रज्ञांनाही कळत नाही. कॉलेजला हायवेवरून जातो हल्ली. वळसा पडतो, पण चालणं प्रकृतीला चांगलं.

२० मार्च
मोतीराम मास्तर समोरून आले. नमस्कार केला, थांबले नाहीत. जेवण गेलं नाही.

एप्रिल २००२, रविवार
कायदा झाला. पेपरात चौथ्या पानावर. पेढे आणले. एवढी पत्रं, उन्हातली पायपीट, काहीच वाया गेलं नाही. आता मोतीरामांकडे जाऊन सगळं नीट बोलायचं ठरवलं.
तेच आले. सोबत मनकर्णाबाई आणि गल्लीतल्या सात-आठ बायका, घागरी घेऊन. मी फाटकातच पेढ्यांचा डबा उघडला. कोणी हात लावला नाही. मोतीराम म्हणाले, "शरदचंद्रराव, हापशी गेली आमची."
मी समजावलं की कायदा आजपासून पुढच्या बोअरना लागू होतो, मागच्यांना कसा लागतो ते पाहावं लागेल, कलम शोधून देतो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मनकर्णाबाई माझ्याकडे नाही, तोडलेल्या खोडाकडे बघत होत्या.
तेवढ्यात आत मोटर सुरू झाली. विनोदिनी पाइप ओढत आली, पहिली घागर खाली लावली. धार येईना. तिने पाइप झटकला, मागे वळून पाहिलं.
"बाजूला व्हा," म्हणाली, "तुमी पाइपावर उभे आहा."
झालो.