मखमल उजवीकडे

दि. ११ जानेवारी, रविवार, दुपार

चि. वकीलबाईंना मास्तरकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीमुळे काकूचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा काकू जास्त कुरकुरते. दुकान आता सकाळचंच उघडतो. पडद्याच्या कडा दुमडणं, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं अशी किरकोळ कामं येतात. नवं काही शिवून घ्यायला कोणी येत नाही. सगळे तयार कपडे आणतात आणि ते अंगाला बसत नाहीत म्हणून माझ्याकडे येतात. तुझ्या बाळाला दात आले हे वाचून काकूने ते शेजारणीला सांगितलं, त्यामुळे आता अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

तू लिहितेस, "फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लेखी उत्तर द्या. काका, बाबांना दिसतं का? हो किंवा नाही. हो असेल तर मी गप्प बसते. नाही असेल तर महिनाअखेर येऊन होडी विकते आणि त्यांना इकडे घेऊन येते. नातीला वर्ष होईल, अजून त्यांनी तोंड पाहिलेलं नाही. त्यांना होडीच प्यारी असेल तर तसं कळू दे." सहा वर्षांची होतीस तेव्हा माझी लहान कात्री हरवली होती, आणि तू दुकानातल्या स्टुलावर उभी राहून माझीच उलटतपासणी घेतली होतीस. तेव्हापासून वकीलबाई. पुढे नर्स झालीस तरी खोड काही गेली नाही.

उत्तर देतो. पण माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, ही चाळीस वर्षांची सवय. म्हणून काल दिवसभर तुझ्या बाबांबरोबर होडीत बसून आलो. आधी ते ऐक.

सकाळी सातला निघालो. मी दोन स्वेटर, वर काकूचा मफलर, असा गाठोड्यासारखा. तुझे बाबा त्या जुन्या तपकिरी कोटात, ज्याची कॉलर मी दोनदा उलटून शिवली आहे. बेकरीच्या मागच्या बोळातून, दवाखान्याच्या भिंतीला धरून, पाण्यापर्यंत. बांबू त्यांच्या खांद्यावर, आमिषाचा डबा माझ्या हातात. होडी तुला माहीतच आहे, सपाट बुडाची. तुझ्या खोलीतलं कपाट करून उरलेल्या फळ्या तिच्यात आहेत. सोळा वर्षं झाली, एका सांध्यातून थेंब आत येत नाही. तुझ्या बाबांसारखा सुतार मेस्त्री आमच्या गावात दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण मग ते दिवसभर तेच ऐकवत बसतील.

थंडीत दलदलीतलं पाणी उतरतं आणि उथळ भाग उघडा पडतो. मासा मग खोल डोहात जाऊन बसतो आणि ऊन चढून चिखल तापला की कडेला येतो. म्हणजे सकाळी डोह सापडला पाहिजे आणि दुपारी कड. लव्हाळ्यांतून वाटा शंभर, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या. मला तर ती सगळी आंधळी कोशिंबीरच वाटते. हा शब्द चुकून आला. असो.

तुझे बाबा मागे उभे राहून होडी रेटतात. बांबू तळाला टेकला की क्षणभर थांबतात. मऊ चिखल बांबू ओढून धरतो, वाळू करकरते, शिंपल्यांचा थर असला की टक्क वाजतं. मला नुसता ढवळलेला चहा दिसत होता.

"मास्तर, हात आत घे, लव्हाळी आली," ते म्हणाले. आणि खरंच, दोन रेट्यांत दोन्ही बाजूंनी पाती अंगावर आली.

"तुला काय माहीत?"

"कानावरचा वारा पडला. तुला मफलरातून काय कळणार!"

पहिल्या डोहावर त्यांनी बांबू रोवला, होडी बांधली आणि गळाची दोरी तर्जनीवर घेऊन बसले. मी माझी तरंगणारी खूण लावली. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवतो, तेव्हा नजरेच्या कामात आपण कमी नाही अशी माझी समजूत. डोळे फाडून त्या खुणेकडे पाहत राहिलो. तासाभरात तुझ्या बाबांनी चार मासे घेतले, वीतभर ते हातभर. माझं आमिष एका खेकड्याने आरामात खाल्लं आणि दुसरं लावल्यावर तेही खाल्लं.

"थंडीतला मासा ओढत नाही, मास्तर. आमिष तोंडात धरून विचार करत बसतो. त्याचा विचार पूर्ण व्हायच्या आत आपला झाला पाहिजे."

"आणि तो विचार करतोय हे कळणार कसं?"

"बोटाला. दोरी जरा जड होते. ओलं बोट कापडावर फिरवल्यासारखं."

त्यांनी दोरी माझ्या बोटावर ठेवली. मला काहीही कळलं नाही. त्यांनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं, म्हणाले "आत्ता", आणि ओढलं. मासा होता. वकीलबाई, मी बेचाळीस वर्षं या माणसाला ओळखतो, पण काल त्या होडीत मला शाळेत बसल्यासारखं वाटलं. आणि हेही खरं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळून मी तुला चार पानं मासे दाखवतो आहे.

तर आता मुद्द्यावर येतो.

डोहाच्या पुढे पाण्याला दोन फाटे फुटतात. तिथे एक खुंट रोवलेला आहे. तुझ्या बाबांनी होडी त्याच्या जवळ नेली, वाकून खुंटाला हात लावला, त्यावरची कापडाची पट्टी चाचपली आणि उजवीकडे वळले. तू विचारशील, खुंटाला पट्टी कसली? ती मी शिवलेली आहे. अशा एकूण सतरा आहेत.

तीन वर्षांपूर्वी ते दुकानात आले. तू तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होतीस. म्हणाले, "मास्तर, डोळे मिटून ओळखता येतील अशी तीन कापडं दे." मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसणं राहिलं. तुकड्यांच्या गाठोड्यातून मखमल काढली, गोणपाट काढलं आणि उभ्या धारांची कॉरडरॉय काढली. मखमल म्हणजे उजवीकडे, गोणपाट म्हणजे डावीकडे, कॉरडरॉय म्हणजे पुढे डोह आहे, थांब. दरवर्षी पावसाळ्यानंतर कुजलेल्या पट्ट्या मी बदलतो. मशीनचा सुटा भाग आणायला आम्ही दोघं शहरात गेलो असं तुला कळवलं होतं ना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. नस सुकत चालली आहे, म्हणाले. मोतीबिंदू नव्हे, ऑपरेशनने परत यायचं नाही. पाठ दुखते म्हणून मेस्त्रीने करवत खाली ठेवली, असं जे मी तुला लिहिलं, त्याचंही कारण पाठ नव्हतं. त्यांच्याकडून आलेली पत्रं माझ्या अक्षरात का असतात, हे तू एकदा विचारलं होतंस. हात थरथरतो, असं मी लिहून टाकलं. हात अजिबात थरथरत नाही.

आता सर्वांत अवघड. काल त्या खुंटापाशी मी पट्टी पाहिली. मखमल माझी, पण शिवण माझी नव्हती. मी दुहेरी टाका घालतो. ही गळाच्या दोरीने गाठ मारून बांधलेली होती. पलीकडच्या खुंटावरचं गोणपाटही तसंच.

"मेस्त्री, या पट्ट्या कोणी हलवल्या?"

"मी."

"का?"

"उलट्या होत्या."

ऑक्टोबरात मी पट्ट्या बदलल्या तेव्हा जाताना ऊन फार होतं, म्हणून या दोन मी परत येताना बांधल्या. येताना उजवं ते डावं होतं. पोरी, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हाताला येतो, हे ज्याने चाळीस वर्षांत हजारो वेळा मनात पलटवलं, तो माणूस इथे चुकला.

डावा फाटा ओहोटीला पूर्ण कोरडा पडतो. डिसेंबरात ते एकटे गेले होते, हे मला काल होडीत कळलं. त्यांना सर्दी-ताप झाला म्हणून मी तुला लिहिलं आणि तू काढ्याची कृती पाठवलीस, तो दिवस. सकाळी नऊला होडी चिखलात बसली ती दुपारी अडीचला भरतीने उचलेपर्यंत. उतरावं तर कमरेपर्यंत चिखल. साडेपाच तास त्या वाऱ्यात बसून होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्यांना पेज नेऊन देत होतो आणि वर "या वयात काळजी घ्यावी" असं शहाणपण शिकवत होतो.

"तुला वाट पाठ आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, लाजेने चढतो तसा. "मग वळलासच का?"

"डोकं म्हणत होतं उजवीकडे. हात म्हणत होता गोणपाट. मी म्हटलं, मास्तरची शिवण आहे, माझंच डोकं चुकत असेल."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पट्ट्या बांधायचं सोडलं असतंस. तुला मी ओळखतो. मग मी कुठे गेलो असतो?"

ते शांतपणे आमिष लावत होते. ज्याच्यामुळे आपण मेलो असतो त्याच्या मनाला लागू नये म्हणून थंडीत पुन्हा एकट्याने जाऊन, चाचपत, दोन गाठी बदलून येणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तुझे बाबा आहेत म्हणून नाही सांगत.

दुपारी कडेला आणखी तीन मासे मिळाले. परतताना ते म्हणाले, "खिशात पोरीचं पत्र आहे ना? सकाळपासून चाचपतोयस, कागद वाजतोय."

मी पत्र वाचून दाखवलं. सगळं, होडी प्यारी असल्याचं वाक्यसुद्धा. ते गाळणार होतो, पण खोटं पुरे झालं होतं. बांबू त्यांच्या हातात पाण्यात तसाच राहिला. होडी आपोआप वळायला लागली.

"खरं लिही तिला," ते म्हणाले. "एकट्याने जाणार नाही असंही लिही. डिसेंबरात माझी टरकली होती, तेही लिही हवं तर. आणि होडीचं ती म्हणेल तसं."

"आणि नातीचं?"

"उन्हाळ्यात तिकीट काढलं होतं मी. तुलाही सांगितलं नाही. मग वाटलं, दारात पाऊल टाकताच ती बाळ माझ्या हातात देणार आणि विचारणार, बाबा, कुणासारखी दिसते? काय सांगणार होतो मी, मास्तर?"

तिकीट त्यांनी फाडून टाकलं.

वकीलबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं, आणि तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. हे तुला तीन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. ते त्यांनी लपवलं आणि मी लिहून लिहून पक्कं केलं. रागव. माझ्यावर जास्त रागव, कारण त्यांना भीती होती, मला नव्हती. मला फक्त माझा मित्र इथेच हवा होता.

होडी विकायची की ठेवायची ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. मी बरोबर जायला तयार आहे, पण माझ्या भरवशाची किंमत तुला आता कळली आहे, तेव्हा तेही धरून ठरव. एकच मागणं आहे. महिनाअखेर येशील तेव्हा बाळाला घेऊन ये, आणि पिशव्या खाली ठेवायच्या आत त्यांच्या हातात दे. कुणासारखी दिसते ते विचारू नकोस. तू सांग त्यांना.

तुझा,
तीन वर्षं तुला खोटं लिहीत आलेला,
मास्तरकाका