दिवा मरतुकडा नव्हता

बाबा, मी गाडीचे दिवे बदलले. हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण गाडीच्या दिव्यावर तुमच्याइतका रागावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आपली ती राखाडी स्कूटर आठवते? बाजारातून निघायला जरा उशीर झाला की तुम्ही हँडलवर थाप मारायचात आणि म्हणायचात, "ह्या गाडीचा दिवाच मरतुकडा हाय." मग कंपनीला शिव्या, मिस्त्रीला शिव्या, बल्ब विकणाऱ्याला शिव्या. कचेरीत कधी आवाज न चढवणारा माणूस एका दिव्यावर मात्र पोटभर तोंडसुख घ्यायचा. आई म्हणायची, दिवेलागणीच्या आत घरी या म्हणजे दिव्याचं कामच नाही. आणि खरंच, तुम्ही बहुतेक वेळा तसेच यायचात. पुसदच्या आपल्या गल्लीत लोक तुमच्या स्कूटरच्या आवाजावर देवापुढे दिवा लावायचे.

उशीर झालाच तर मात्र माझी मजा असायची. तुम्ही मला पुढे उभी करायचात, दोन हातांच्या मधे, आणि खेळ सुरू व्हायचा. "सांग पाहू, समोर काय हाय?" मी ओरडून सांगायची: बैलबंडी, खड्डा, कुत्रं, सायकलवाला, डाव्या हाताला पाण्याची टाकी. गाडी बैलाच्या चालीने चालायची. घरी पोचलो की खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या निघायच्या. तुम्ही मला 'माही बत्ती' म्हणायचात. पाहुण्यांना वाटायचं पोरगी हुशार म्हणून बत्ती, आईला वाटे भडकते लवकर म्हणून. मीही दोन्ही अर्थ खुशाल घेतले. एकदा शेतांमधल्या रस्त्यावर मी ओरडले, "म्हैस!" तुम्ही गाडी थांबवली. आपण म्हैस जायची वाट पाहत उभे राहिलो. म्हैस काही हलेना. शेवटी तुम्ही गाडी स्टँडवर लावून उतरलात, हात पुढे करून हळूहळू चालत गेलात आणि तिला हात लावलात. कापूस वेचून झाल्यावर उपटून रचून ठेवलेला पऱ्हाटीचा ढीग होता तो. मी हसून हसून बेजार झाले. तुम्ही हसला नाहीत. गोळी मात्र दिलीत, आणि घरी जाऊन जेवलाही नाहीत. मला वाटलं, माझं चुकलं म्हणून रागावलात.

आता माझ्या गाडीचं ऐका. तुमची बत्ती जनावरांची डॉक्टर झाली आहे आणि रेसच्या मोटरसायकलवर हिंडते. ही गाडी मुळात तुमच्या जावयांची. माझं लग्न तुम्ही गेल्यानंतरचं, तुम्ही त्यांना पाहिलं नाही. शाळेत मास्तर आहेत, स्वभावाने साखर. चाळिशीच्या हौसेने लालभडक गाडी घेतली, ओणवं होऊन चालवायची, आणि थोड्याच दिवसांत पाठ धरून बसले. विकायला काढली तेव्हा मी म्हटलं, द्या इकडे. झरी जामणीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. कुठे गाय अडली, कुठे बैलाचं पोट फुगलं, की जंगलातल्या वाटेने मला जावं लागतं आणि परत येताना सांज होतेच. आता त्या गावांत माणसं मला आवाजावरून ओळखतात. एका म्हातारीने विचारलं, "बाई, ह्या गाडीवर बसून तुयी कंबर नाही दुखत काय?" मी म्हटलं, कंबर आमच्या मास्तरांची दुखते.

मागच्या हिवाळ्यात मला त्या गाडीचा दिवा कमी पडायला लागला. आधी वाटलं काच धुरकटली असेल, ती घासून घेतली. मग जुना हॅलोजन काढून पांढरा एलईडी बल्ब बसवला. मिस्त्री सांगत होता की ह्या काचेत तो बल्ब नीट बसत नाही, उजेड फाकतो. मी ऐकलं नाही, आणि झालंही तसंच: झाडांचे शेंडे लख्ख, रस्ता काळा. मग अख्खा दिवाच बदलला, आत भिंग असलेला प्रोजेक्टर बसवला. त्याला वेगळी वायर ओढली, रिले टाकला, दुकानासमोरच्या भिंतीवर उजेडाची रेघ पाहून पाहून सरळ करून घेतली. तरी भागेना, तेव्हा खाली फॉग लाईट लावले. राजूरकडून येणारे कोळशाचे ट्रक कुणासाठी उजेड खाली करत नाहीत, पण मला पाहून डिप्पर मारायला लागले, यावरून काय ते समजा. आणि मी मिस्त्रीला म्हणत होते, तुझं सामानच हलकं आहे. आता आठवलं की हसू येतं. शब्द माझे होते, आवाज तुमचा होता.

संक्रांतीनंतर एकदा हे आणि मी एका बारशाहून परतत होतो. मी म्हटलं, तुम्ही चालवा, मला मागे बसून पाहू द्या की उजेड नेमका पडतो कुठे. पाठीच्या नावाने कुरकुर करत बसले बिचारे. दिवस नुकताच मावळला होता. एका वळणाआधी त्यांनी वेग कमी केला. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "थे काय, बंडी हाय ना समोर." मी पाहत राहिले. समोर नुसता काळोख होता. बंडी मला दिसली ती अगदी जवळ आल्यावर, दिव्याच्या पट्ट्यात बैलाचं शिंग आलं तेव्हा. बंडी मागे गेली आणि ते म्हणाले, "दिवा तं दिवसासारखा हाय. तुले खरंच दिसली नाही?"  त्यांच्या खांद्यावर माझा हात होता, तो त्यांनी एका हाताने दाबला आणि गाडी अजून हळू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, बाबांच्या डोळ्यांना काही होतं का?  ती म्हणाली, "त्यायले दिवे लागले का दिसतच नव्हतं, बाई. रातांधळं. तुले सांगू नको म्हणून माह्याकडून शपथ घेतली होती." मग एकेक सगळं सुटत गेलं. रोज ताटात असलेलं गाजर, जे तुम्ही औषधासारखं गिळायचात. लग्नाच्या मांडवातून निघताना माझ्या खांद्यावर ठेवलेला हात. मी विचारलं, मग तो खेळ? मला पुढे उभी करायचे, ते रस्ता दिसावा म्हणून? आई म्हणाली, "रस्ता तं होताच. पण तुले दिसते का नाही, थे पाहत होते. तुये डोळे आपल्यासारखे निघतीन, याचं भेव होतं त्यायले."

म्हणजे पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, जे तुम्हाला पाठ होतं ते तुम्ही मला विचारून ताडून पाहत होता. आणि जे पाठ नव्हतं, तिथे उतरून हात लावून येत होता. त्या ढिगाला हात लावला तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला आत्ता कळतंय. मी साधी पोर होते, सांजवेळी कुणालाही पऱ्हाटी म्हैस वाटेल. पण तुम्हाला हे सांगणार कोण होतं?

सुरुवातीला मला तुमचा फार राग आला. पोरीला पुढे उभी करून आंधळ्यासारखी गाडी हाकायची, ही कसली हिंमत? सांगितलं असतं तर मी अजून जोरात ओरडले असते. पण राग टिकत नाही, बाबा. गोळी आठवते आणि विरघळतो. यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हे घराण्यात उतरतं, हळूहळू वाढतं, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. माझं काम मात्र सुटलेलं नाही. अडलेल्या गाईच्या पोटात हात घातला की डोळे तसेही उपयोगाचे नसतात, तिथे बोटांनाच दिसावं लागतं. उजेड हवा तो वाटेपुरता, आणि वाटेला सध्या मास्तर आहेत, कमरेला पट्टा बांधून. डॉक्टरांनी अजून एक सांगितलं: लेकीचेही डोळे तपासून घ्या. त्या एका वाक्याने मी थेट तुमच्या स्कूटरवर जाऊन बसले.

होळीला लेक नागपूरहून घरी आली. संध्याकाळी मी म्हटलं, चल, गाडी तू चालव, पाहू तरी तुझा हात कसा बसलाय. दिवे पाहून ती हसली. "आई, एवढे लाईट? विमान उतरवायचं हाय काय?" मी मागे बसले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, समोर काय काय दिसतं ते सांगत जा. "कायले?" म्हणाली. मी म्हटलं, असंच, खेळ आहे. ती सांगत गेली: पूल, पळस, पायी चाललेला माणूस. मी सगळ्याला हं म्हणत होते. मग तिने गाडी हळू केली, उजेड खाली घेतला आणि हलकेच म्हणाली, "आई, थे पाय, रोही. पऱ्हाटीच्या ढिगापाशी." मी पाहिलं. ना नीलगाय, ना ढीग, ना शेत. मी म्हटलं, रोही कशावरून, दुसरा ढीग असेल. ती म्हणाली, "कान हलवून राह्यली ना थे. दिसत नाही काय तुले?"

दिसली, मी म्हटलं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा, माहीत नाही. गाडीच्या कागदांसोबत सीटखाली ठेवून देईन. तिच्या वयात मलाही सगळं दिसत होतं, हे मला कळतं. तिला डॉक्टरांकडे न्यायचंय आणि त्याआधी खरं सांगायचंय. तुम्ही जे केलं नाही ते मी करणार आहे, नक्की करणार आहे. पण त्या संध्याकाळी नाही केलं, बाबा. तिला कान हलताना दिसले, तेवढंच घेऊन घरी यावंसं वाटलं.